खरवसाचा पुन्हा चीक होत नाही

दिंडोरी रोडच्या गवळ्याकडे म्हैस व्याली की पहिल्या दोन दिवसांचा चीक आमच्या मामीकडे हमखास येतो. मामी त्यात बेताचं दूध घालते, गूळ किसून टाकते, वेलची-जायफळ लावते आणि डबा कुकरमध्ये ठेवून शिट्टी न लावता वाफवते. वीस-पंचवीस मिनिटांनी झाकण काढलं की पातळ चिकाची घट्ट वडी झालेली असते. साधं दूध दिवसभर उकळलं तरी असं थिजत नाही. चीक मात्र थिजतो, कारण त्यात साध्या दुधाच्या कितीतरी पट जास्त प्रथिनं असतात, आणि ती उष्णता लागली की उलगडणारी असतात. उलगडली की एकमेकांना धरतात आणि त्यांचं जाळं होतं. ते जाळं म्हणजेच खरवस. नंतर डबा फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर बर्फात, त्याचा पुन्हा चीक होत नाही.

त्याच चिकात अगदी अल्प प्रमाणात वाढघटक, म्हणजे ग्रोथ फॅक्टर असतात. पेशींना 'आता वाढा', 'आता विभागा', 'ही जखम भरा' असे निरोप पोचवणारी ही प्रथिनं. वासराच्या कोवळ्या आतड्याला त्यांचा उपयोग होतो. आपल्याही शरीरात असे अनेक वाढघटक आहेत. त्यातला एक, त्वचेच्या पेशी वाढवणारा ईजीएफ, स्टॅन्ली कोहेन यांनी शोधला, आणि चेतापेशींचा एनजीएफ रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. त्यानंतर वाढघटकांची औषधं करायची धडपड जोरात सुरू झाली. तीत सगळ्यात जास्त आडवी आलेली गोष्ट म्हणजे हीच, खरवस होण्याची खोड.

मी नाशिकच्या एका कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवते. प्रथिनांच्या गुठळ्यांचा हा विषय दरवर्षी फळ्यावर काढते. पण तो खऱ्या अर्थाने समोर आला गेल्या वर्षी, मामीच्या केमोथेरपीच्या वेळी.

दुसऱ्या फेरीनंतर तिच्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या. डॉक्टरांनी फिलग्रॅस्टिमची पाच इंजेक्शनं लिहून दिली. फिलग्रॅस्टिम म्हणजे जी-सीएसएफ नावाचा वाढघटक. अस्थिमज्जेला तो पांढऱ्या पेशी लवकर तयार करायला सांगतो. अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये मान्यता मिळाली आणि आज आपल्याकडे कॅन्सरच्या वॉर्डात ते रोजचं औषध आहे. मामा भर मे महिन्यात शालिमारहून नाशिक रोडला स्कूटरवर इंजेक्शन घेऊन आले. मेडिकलवाल्याने कुपी बर्फाच्या पिशवीत खुपसून दिली होती, मध्ये ना कागद ना कापड. घरी आलेल्या सिस्टरने खोका उघडला तर कुपीच्या काचेला आतून बर्फ धरलेला.

ती वितळली तेव्हा आम्ही खिडकीपाशी धरून पाहिली. काही दिसलं नाही. सिस्टरने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी खोक्यावरची 'गोठवू नये' ही ओळ वाचून दाखवायला सांगितली आणि नवी कुपी आणायला सांगितलं.

"अगं, पाण्यासारखं स्वच्छ दिसतंय की," मामा मला म्हणाले. "मग बिघडलं म्हणायचं तरी कशावरून?"

त्यांचा प्रश्न रास्त होता आणि दोन वाक्यांत त्याचं उत्तर देता येईना.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. जी-सीएसएफच्या औषधात अशी १७५ अमिनो आम्लं असतात. ही माळ सरळ राहत नाही, ठरावीक पद्धतीने दुमडते आणि त्या घडीतच तिचं काम दडलेलं असतं. पेशीवरच्या कुलपात बसणारी किल्ली म्हणजे ती घडी. काही अमिनो आम्लांना पाणी आवडतं, काहींना तेलासारखं पाण्याचं वावडं असतं. घडी पडताना ही तेलकट मंडळी आत दडतात आणि पाणी मानवणारी बाहेर राहतात. उकडीच्या मोदकासारखंच हे. सारण आत, पारी बाहेर, म्हणून चाळणीत शेजारी शेजारी ठेवलेले मोदक सुटे राहतात. एखादी पारी वाफेवर फाटली की गूळ बाहेर येतो, शेजारच्याला चिकटतो, त्यालाही फाडतो आणि काढताना चार मोदकांचा एक गोळा हातात येतो. प्रथिनाची घडी जरा सैल झाली की आतला तेलकट भाग बाहेर डोकावतो आणि तसाच सैल झालेला दुसरा रेणू भेटला की दोघं चिकटतात. मग तिसरा, मग शंभरावा. याला प्रथिनांचं गुठळणं म्हणूया.

घडी मोडण्यासाठी उकळावंच लागतं असं नाही. प्रथिनाची घडी मुळातच नाजूक तोलावर उभी असते. ती क्षणभर सैल होते, पुन्हा आवळते, आणि असं सतत चालू असतं. कुपीत अब्जावधी रेणू असतात. त्यातले थोडे कायम सैल अवस्थेत सापडतात. दोन सैल रेणूंची गाठ पडायची तेवढी वाट असते.

विरघळणं आणि टिकणं या दोन गोष्टींत बरेचदा गल्लत होते, आणि औषधं घडवणाऱ्यांची अर्धी डोकेदुखी तिथेच असते. घडी शाबूत असलेलं प्रथिनसुद्धा पाण्यात विरघळेलच असं नाही. प्रथिनावर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार असतात आणि त्यांचा हिशेब पाण्याच्या आंबटपणावर, म्हणजे पीएचवर अवलंबून असतो. एका ठरावीक पीएचला दोन्ही भारांची बेरीज शून्य होते. तिथे रेणूंना एकमेकांना दूर लोटायला काही उरत नाही आणि ते जवळ येऊन खाली बसतात. दही लागतं ते यामुळेच. दूध आंबत जाऊन पीएच ४.६ च्या आसपास आला की केसिनचा भार शून्याला येतो आणि ते एकमेकांत गुंतून बसतं. हाडं जोडायला वापरतात तो बीएमपी-२ हा वाढघटक याच दुखण्याचा. अमेरिकेत २००२ मध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला मान्यता मिळाली. पण आपल्या रक्ताएवढ्या, उदासीन पीएचला तो फारच कमी विरघळतो, म्हणून त्याला आम्लधर्मी द्रावणात ठेवावं लागतं. आणि काम मात्र शरीरात, उदासीन पीएचला करायचं. प्रयोगशाळेत सुखरूप आणि जखमेत गेल्यावर साका, अशी गत होऊ नये म्हणून तो कोलॅजनच्या स्पंजात भिजवून जागेवर बसवतात.

जी-सीएसएफचं उदाहरण तर मला फार शिकवणारं वाटतं. पीएच ७ ला आणि शरीराच्या तापमानाला ठेवलं तर ते गुठळतं. पीएच साडेतीन-चारला ठेवलं तर टिकतं. पहिल्यांदा वाटेल की आंबट पाण्यात त्याची घडी जास्त घट्ट होत असावी. पण घडीची बळकटी दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. फरक होता तो भाराचा. आंबट पाण्यात प्रत्येक रेणूवर भरपूर धन भार चढतो आणि दोन रेणू जवळ आले की एकमेकांना ढकलतात. सैल होतात, पण चिकटायला भेटतच नाहीत. म्हणून हे औषध पीएच ४ च्या द्रावणात देतात, सोबत थोडं साखरेसारखं सॉर्बिटॉल आणि थेंबभर पॉलिसॉर्बेट ८०, हे साबणासारखं काम करतं.

हे कळलं की त्या औषधाच्या पत्रकातल्या एका सूचनेचा अर्थ लागतो. शिरेतून द्यायचं असेल तर ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळा, सलाइनमध्ये कधीही मिसळू नका. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. मिठाचे आयन त्या धन भारांभोवती जमतात, रेणूंमधली ढकलाढकल थांबते आणि औषधाचा साका होऊ शकतो. वॉर्डात सलाइनची बाटली हाताशीच असते. म्हणून ही ओळ मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावते.

नाशिकमध्ये राहून हे सगळं बघायला औषधाच्या कारखान्यातच जायला हवं असं नाही. माझा एक विद्यार्थी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीच्या लॅबमध्ये आहे. त्याने मला दोन परीक्षानळ्या दाखवल्या. दोन्हीत एकाच टाकीतली शेनिन ब्लाँ. दोन्ही ८० अंशांच्या पाण्यात काही तास ठेवून गार केलेल्या. एक आरशासारखी लख्ख, दुसरी तांदळाच्या धुवणासारखी गढूळ. द्राक्षाच्या रसात काही प्रथिनं असतात. वेलीने बुरशीपासून बचावासाठी केलेली, मोठी चिवट. ती आंबवण्यातूनही तगतात आणि बाटलीत गपचूप बसून राहतात. पुढे बाटली उन्हातल्या ट्रकमधून गेली की उलगडतात, गुठळतात आणि वाइन धुरकट होते. पिण्याला अपाय नाही, पण ती बाटली कोणी घेत नाही. म्हणून वाइनमध्ये बेंटोनाइट नावाची माती कालवतात. वाइनच्या आंबट पीएचला या प्रथिनांवर धन भार असतो, मातीवर ऋण. प्रथिनं मातीला चिकटून तळाशी बसतात आणि वर नितळ वाइन उरते. लख्ख नळीत माती वापरली होती, गढूळ नळीत नव्हती. तापवण्याआधी मात्र दोन्ही नळ्या सारख्याच स्वच्छ होत्या. नंतर मामांना मी सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगितली.

वायनरीवाल्याला प्रथिन काढून टाकता येतं. औषधवाल्याचं औषधच ते प्रथिन. त्यामुळे त्याला रेणूच्या आत हात घालावा लागतो.

सिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल आहे. त्यात गंधक असतं, आणि दोन सिस्टीनमधली गंधकं एकमेकांना पक्की बांधून घेतात. एकाच रेणूत ही गाठ पडली तर घडी बळकट होते. पण एखादी सिस्टीन रेणूच्या पृष्ठभागावर मोकळी राहिली तर ती शेजारच्या रेणूशी गाठ मारते. जखमा भरणारा एफजीएफ-२ हा वाढघटक याच कारणाने त्रास देतो. त्याच्या पृष्ठभागावर दोन सिस्टीन उघड्या असतात. त्यांच्या जागी सेरीन बसवलं की रेणूचं काम तसंच राहतं आणि गाठी कमी होतात. केमोथेरपीने तोंड सोलून निघतं, घोटभर पाणी गिळणं नको होतं. मामीच्या तोंडाचे ते हाल मी रोज पाहिले. रक्ताच्या कॅन्सरमध्ये जड उपचार घेणाऱ्यांचा हाच त्रास कमी करायला केजीएफ या वाढघटकापासून पॅलिफर्मिन घडवलं गेलं आणि २००४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मूळ केजीएफ १६३ अमिनो आम्लांचा, आणि शरीराच्या तापमानालाच गुठळणारा. त्याच्या सुरुवातीची २३ अमिनो आम्लं छाटून टाकली. उरलेला १४० चा रेणू काम तेच करतो आणि जास्त टिकतो.

वाढघटक एवढे नाजूक का, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं ते नाजूक असण्यातच शहाणपण आहे. 'वाढ' हा निरोप फार वेळ घुमत राहणं शरीराला परवडत नाही. न थांबणारी वाढ म्हणजे काय ते मामीच्या घरात वेगळं सांगायची गरज नव्हती. म्हणून हे रेणू थोडे तयार होतात, जवळच्या पेशीला निरोप देतात आणि संपतात. टोचलेलं फिलग्रॅस्टिम शरीरात साधारण साडेतीन तासांत निम्मं होतं. एफजीएफ-१ तर एकटा असला तर शरीराच्या तापमानाच्या आसपासच उलगडू लागतो. ऊतींमध्ये हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात. त्या त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो टिकतो. असा काही तासांसाठी घडलेला रेणू आपण काचेच्या कुपीत भरतो, त्याच्या आधाराच्या साखळ्या काढून घेतो आणि वर्ष-दोन वर्षं जसाच्या तसा राहा म्हणतो.

कारखान्यात तर त्याचा जन्मच गुठळीत होतो. ई. कोलाय जिवाणूत मानवी जनुक घातलं की जिवाणू ते प्रथिन इतक्या झपाट्याने बनवतो की घडी पडायला सवड मिळत नाही, आणि पेशीच्या आतच त्याचे गोळे होतात. जी-सीएसएफ असंच मिळतं. मग जिवाणू फोडून गोळे धुतात आणि युरियासारख्या पदार्थाच्या तीव्र द्रावणात विरघळवतात. निफाडचा शेतकरी द्राक्षबागेला देतो तोच युरिया, फक्त शुद्ध केलेला, लिटरला ४८० ग्रॅमपर्यंत. त्यात प्रथिनाची माळ पूर्ण सुटते. पुढे सावकाश पातळ करत नेलं की काही रेणूंची घडी नीट पडते आणि काही पुन्हा गुठळतात. खरवसाचा चीक करण्याच्या सगळ्यात जवळ माणूस पोचला आहे तो इथे, तेही मोठी नासाडी सोसून.

आता बर्फाकडे येऊ. थंडीने प्रथिन टिकतं, मग गोठवल्याने जास्तच टिकेल, असं मामांना वाटलं होतं आणि ते स्वाभाविक आहे. घरी सरबताची बाटली फ्रीजरमध्ये ठेवून पाहा. अर्धवट गोठलेली बाहेर काढली तर पातळ राहिलेला घोट कमालीचा गोड लागतो आणि मागे फिका पांढरा बर्फ उरतो. गोठतं ते पाणी. साखर, रंग सगळं उरलेल्या थेंबात कोंडतं. कुपीतही तसंच होतं. प्रथिन आणि क्षार उरलेल्या पाण्यात दाटीने कोंडले जातात. काही द्रावणांत, विशेषतः सोडियम फॉस्फेटच्या, एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि पीएच ७ वरून ४ च्या आसपास घसरतो. शिवाय बर्फाच्या प्रत्येक स्फटिकाला पृष्ठभाग असतो, आणि त्यावर चिकटून रेणू उलगडू शकतात. सगळी औषधं गोठल्याने सारखीच बिघडतात असं नाही. काही उत्पादनांच्या पत्रकात एकदा चुकून गोठलेली कुपी फ्रिजमध्ये वितळवून वापरायला मुभा असते, काहींत नसते. आमच्या खोक्यावर नव्हती.

हलवण्याचंही असंच. ताक घुसळताना वर फेस येतो, त्या फेसाच्या प्रत्येक बुडबुड्यावर प्रथिनाचा पातळ पापुद्रा असतो. पाणी आणि हवा भेटतात तिथे रेणूचा तेलकट भाग हवेकडे वळतो आणि घडी सुटते. कुपीत घातलेलं पॉलिसॉर्बेट साबणासारखं त्या पृष्ठभागावर आधी जाऊन बसतं आणि प्रथिनाला जागा देत नाही. पण जोरात हलवलं की तेही पुरं पडत नाही. काचेलाही प्रथिन चिकटतं. मामीच्या एका कुपीत औषध होतं ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाचे जेमतेम चार-पाच कण. त्यातलं थोडं काचेला गेलं तरी हिशेब बदलतो.

गुठळलं तर औषध लागू पडणार नाही, एवढंच नुकसान असतं तर नवी कुपी आणून भागलं असतं. खरी भीती वेगळी आहे. आपली रोगप्रतिकारशक्ती सुट्या प्रथिनाकडे एरवी काणाडोळा करते, पण तेच प्रथिन ओळीने, पुन्हा पुन्हा एकाच साच्यात मांडलेलं दिसलं की तिला तो विषाणू वाटतो. ती प्रतिपिंडं तयार करते. आणि औषध जर आपल्याच शरीरातल्या वाढघटकाची नक्कल असेल तर ती प्रतिपिंडं मूळ वाढघटकालाही मारतात. एरिथ्रोपोएटिन हा लाल पेशींचा वाढघटक. त्याच्या एका उत्पादनात १९९८ मध्ये आधारासाठी घातलेलं अल्ब्युमिन हे मानवी रक्तातलं प्रथिन काढून पॉलिसॉर्बेट ८० घातलं गेलं. पुढच्या तीन-चार वर्षांत, मुख्यतः युरोपात, मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये लाल पेशी बनणंच थांबल्याच्या घटना वाढल्या. ती माणसं रक्त चढवण्यावर येऊन ठेपली. कारण एकच असं ठरलं नाही. रबरी बुचातून झिरपलेले पदार्थ, गुठळ्या, त्वचेखालून टोचणं, साठवणीतली हेळसांड, सगळ्यांवर संशय गेला. बुचाला लेप दिल्यावर आणि टोचण्याची पद्धत बदलल्यावर हे प्रमाण उतरलं. पुढे दुसऱ्या एका एरिथ्रोपोएटिनच्या चाचणीत दोन रुग्णांत तशीच प्रतिपिंडं आढळली, आणि शोध घेतल्यावर संशय गेला टंगस्टनवर. भरलेल्या सिरिंजच्या काचेला सुईचं भोक पाडताना टंगस्टनची पिन वापरतात. तिचे राहिलेले कण प्रथिनाला गुठळवत होते. कुठे काय लपलेलं असेल याचा अंदाज यावरून यावा.

आणि मामांचा मूळ प्रश्न, दिसत का नाही? जी-सीएसएफचा एक रेणू काही नॅनोमीटरचा. दोन, दहा, शंभर रेणूंची गुठळीसुद्धा डोळ्याला अदृश्यच. नजरेला कण टिपता येतो तो साधारण मायक्रोमीटरच्या पन्नाशी-शंभरीला. त्यामधल्या सगळ्या पायऱ्या यंत्रांनी पाहाव्या लागतात. रेणूंना बारीक छिद्रांच्या स्तंभातून गाळून आकाराप्रमाणे वेगळं करतात, प्रकाश किती विखुरतो ते मोजतात, कण एकेक करून मोजतात. १०० मिलीलिटरपर्यंतच्या इंजेक्शनसाठी अमेरिकी औषधकोशाची मर्यादा अशी आहे की एका कुपीत १० मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे कण ६००० पेक्षा जास्त नकोत आणि २५ च्या पुढचे ६०० पेक्षा जास्त नकोत. म्हणजे 'स्वच्छ' दिसणाऱ्या कुपीतही काही हजार कण चालतात. गढूळ दिसलं तर औषध नक्की टाकायचं. पण स्वच्छ दिसलं म्हणून ते चांगलं, असं उलट म्हणता येत नाही.

संशोधन आता रेणू मुळातच कणखर घडवण्याकडे वळलं आहे. संगणकावर कोणतं अमिनो आम्ल बदललं तर घडी आवळेल याचा हिशेब मांडून एफजीएफ-२ मध्ये नऊ जागी बदल केले गेले. पेशी वाढवण्याच्या प्रयोगांत ३७ अंशांवर जो रेणू १० तासांत निम्मा व्हायचा तो २० दिवसांहून जास्त टिकू लागला. मला याचा मनापासून आनंद वाटतो. पण औषध म्हणून पाहताना नऊ बदल म्हणजे शरीराला परक्या वाटू शकतील अशा नऊ जागा, आणि मुद्दाम अल्पायुषी असलेला निरोप वीस दिवस घुमू द्यायचा का, हेही तपासावंच लागेल.

हे सगळं मी मामांना एका बैठकीत सांगितलं नाही. मामीला टोचून झालं की पडवीत बसून थोडं थोडं बोलायचो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्टीलचा डबा नेला, तळाशी बर्फाचा पॅक, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर खोका. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीजरपासून लांब आणि दारातही नाही. टोचायच्या अर्धा तास आधी बाहेर.

पाचव्या दिवशी नवीन सिस्टर आल्या होत्या. त्यांनी कुपी हातात घेतली आणि सिरपची बाटली हलवतात तशी हलवायला मनगट उचललं. मामा मामीचा हात सोडून पुढे झाले. "ताई, हलवू नका," ते म्हणाले. "फेसाला चिकटून मरतं ते."